पत्र्यावरचे ठोके

“कानात कापूस घातलाय, वरनं कुंची बांधलीया. आता डोक्यावरनं इमान जरी गेलं तरी हिला कळायचं न्हाई,” आई म्हणाल्या. जुईला खांद्यावर टाकून त्यांनी शेडभर नजर फिरवली आणि माझ्या ड्रमपाशी येऊन थबकल्या. “ही परात कुणाची? माझीच न्हवं?”

“तुमचीच,” मी म्हटलं. “आवाज फार छान आहे तिचा.”

“आवाज! जल्मभर हिच्यात कणीक मळतोय मी. मला कवा गावला न्हाई त्यो.”

व्हिन्सी सॅक्सोफोन पुसता पुसता हसला. “आई, आज पुढे बसा ऐकायला. तुमच्या परातीला टाळ्या पडणारेत.”

“मी? न्हाई बाबा. बारा मागांच्या मधी सौंसार केलाय मी. हे सगळं फुकटात ऐकून झालंय.”

आई म्हणजे माझ्या सासूबाई. इचलकरंजीच्या. तिकडच्या बायका बोलतात तशा त्याही ‘मी येतो’, ‘मी करतो’ असंच म्हणायच्या. लग्नानंतर सुरुवातीला मी गोंधळायचे, मग त्याचीच सवय झाली. माझा नवरा शैलेश तेव्हा नोकरीसाठी मस्कतला होता आणि मी बाळंतपणापासून आईंजवळच राहत होते. जुईला नववा महिना चालू होता. तितकेच महिने माझ्या हातात काठ्या नव्हत्या.

आमचा तिघांचा गट होता. मी ड्रम आणि जे जे वाजेल ते: हलगी, परात, स्प्रिंगा, भंगारातल्या थाळ्या. व्हिन्सी वसईचा. चर्चच्या बँडमध्ये सॅक्सोफोन शिकला आणि मग जॅझच्या नादी लागला तो कायमचा. तिसरा पराग. पराग स्वतः काही वाजवायचा नाही, पण त्याच्याशिवाय आमचं काही वाजायचं नाही. जिथे कार्यक्रम असेल तिथल्या भिंतींना, नळांना, दारांना तो बारके माइक चिकटवायचा. येईल तो आवाज लॅपटॉपमध्ये धरायचा, त्याचा तुकडा पाडायचा आणि तो तुकडा पुन्हा पुन्हा फिरवत ठेवायचा. त्यावर आम्ही दोघं सुचेल ते वाजवायचो. आधी ठरवलेलं काही नसायचं. नियम एकच, परागनं घातलेला: मध्येच थांबायचं नाही. आणि चूक झाली तर तीच पुन्हा करायची. “एकदा केली तर चूक,” तो म्हणायचा, “तीनदा केली की चाल.”

इचलकरंजीतल्या काही पोरांनी एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये कार्यक्रम ठरवला, तेव्हा मी नाहीच म्हणणार होते. आईंनीच मला ढकललं. “जा की. वाजीव. घरात बसून हात गंजत्यात. पोरीला मी घिऊन बसतो.”

खरं तर जुईला सोडायची मला भीती वाटायची. कारण ती दम धरायची. रडायला लागली की तीन-चार हुंदके, एक लांब आक्रोश, आणि मग एकदम काही नाही. तोंड उघडं, आवाज बंद, ओठ निळे. डॉक्टर म्हणाले होते, घाबरू नका, काही होत नाही, आपोआप श्वास घेते. तोंडावर फुंकर घाला. पण तो आपोआपचा श्वास यायला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात मी किती वेळा मरायचे ते डॉक्टरांना काय ठाऊक. मग एकदा ‘हं’ असा आवाज करून ती श्वास ओढायची आणि जगरहाटी पुन्हा सुरू व्हायची. तो ‘हं’ मी झोपेतही ओळखला असता.

माझ्या ड्रमच्या शेजारीच शेडचा पत्र्याचा मोठा सरकता दरवाजा होता. बाहेरून कडी घातलेला. पराग त्याला आतून माइक चिकटवत होता.

“ह्ये काय लावतुयास रं?” आईंनी विचारलं.

“माइक आहे, आई. पत्र्याला कुणी बोट लावलं तरी ऐकू येतं.”

“त्याला माइक कशाला पायजे? आमच्यात तेच असायचं. आत माग चालू असलं की हाक मारून घसा फुटला तरी कुणाला पत्ता न्हाई. मग भायनं पत्र्यावर हाणायचं. आतल्याला बरोबर कळायचं.”

“काय कळायचं?” मी विचारलं.

त्या सांगणार तेवढ्यात परागच्या स्पीकरमधून अशी काही किंकाळी निघाली की जुई दचकून रडकुंडीला आली. “अरं मुडद्या,” म्हणत आई तिला घेऊन मागच्या खोलीत गेल्या. पूर्वी तिथे बायका कांड्या भरायच्या, सूत गुंडाळायच्या. सगळ्या शेडमध्ये पंखा काय तो त्या खोलीतच होता. तो करकरत फिरायचा, पण फिरायचा. मार्च महिना, उकाडा मी म्हणत होता. मलाही वाटलं, बरं झालं, वाऱ्याला बसतील दोघी.

लोक आले. बरेच आले. सूतगिरणीतले, कॉलेजातले, शेडच्या मालकांच्या घरचेही. बाकांवर जागा संपली तेव्हा पोरं एका मोडक्या मागावर चढून बसली. दिवेलागणीला आम्ही सुरू केलं.

ते पहिले काही क्षण मी कशालाही देणार नाही. काठी हातात आली आणि हाताला सगळं आठवलं. व्हिन्सीनं एकच स्वर धरला, खरखरीत, घशातून काढल्यासारखा. परागनं छतावरच्या पत्र्याची कुरकुर आत आणली. मी हलगीवर हळूच बोटं टेकवली, मग परातीवर काठी, मग दोन्ही. बाळंतपणात अंग सैल झालं होतं, पाठ दुखत होती, पण मनगटं माझी होती. पुढच्या बाकावरचा एक म्हातारा मान हलवायला लागला. मागवाला असावा. त्याचा पाय बरोबर माझ्या पायाबरोबर पडत होता. मला हसू आलं. वाटलं, आहे अजून सगळं. गेलं नाही कुठे.

तेवढ्यात स्पीकरमधून जुई रडली.

तीन हुंदके. मग तो लांब आक्रोश. आणि त्यामागे, बारीक, पंख्याची करकर.

मला क्षणात कळलं. त्या पंख्याच्या आवाजासाठी परागनं दुपारी कधीतरी कांड्यांच्या खोलीत माइक ठेवला असणार. कुठे कुठे माइक लावले ते त्याचं त्यालाच नंतर आठवायचं नाही. आई तिथे बसणार हे त्याला माहीत नव्हतं आणि तिथे माइक आहे हे आईंना माहीत नव्हतं.

आक्रोश तुटला. मी वाट पाहिली. हात चालूच होते, पण मी सगळी कानात जाऊन बसले होते. पंख्याची करकर. आणखी करकर. आता येईल. आता ‘हं’ करेल.

आला तो पुन्हा पहिला हुंदका.

वाटलं, सुटला श्वास, पुन्हा रडायला लागली. चला. दुसरा हुंदका. तिसरा. आणि तिसऱ्याच्या शेवटी एक बारीकशी उचकी होती, ती मी मघाशीही ऐकली होती. त्याच जागी. तेवढीच. मग आक्रोश, मग पंखा, मग पुन्हा पहिला हुंदका.

परागनं तुकडा पाडला होता. आणि ‘हं’च्या अलीकडे पाडला होता.

म्हणजे जुई रडली होती, दम धरला होता, एवढं खरं. पुढचं काही त्या तुकड्यात नव्हतं. तो फिरत राहिला. दर फेरीला ती नव्यानं रडायची, नव्यानं गप्प व्हायची, आणि श्वास न घेताच पुन्हा रडायला लागायची. आता ह्या क्षणी भिंतीपलीकडे काय चाललंय ते त्या आवाजाच्या आड पूर्ण झाकलं गेलं होतं.

अंगाला मात्र हा फरक कळत नाही. मला पान्हा फुटला. कुडता पुढून भिजत गेला आणि मी वाजवत राहिले.

परागकडे पाहिलं. डोळे मिटलेले, कानावर हेडफोन, चेहऱ्यावर काहीतरी मोठं हाताला लागल्याचा आनंद. मी त्याच्या दिशेनं थाळीवर जोरात काठी आपटली. त्यानं डोळे न उघडता हसून मान हलवली आणि माझ्या थाळीचाही तुकडा फिरवायला लागला.

“पराग! बंद कर!” मी ओरडले.

माझ्या डोक्यावरही माइक होता. ‘बंद कर’ छतापर्यंत गेलं, तिथून परत आलं, त्याचे तुकडे झाले. बंद-बंद-कर-कर-कर. खाली जुईचे हुंदके, वर माझं ओरडणं. प्रेक्षकांतून कुणीतरी शिट्टी मारली. मागावरची पोरं उभी राहिली. आम्ही कार्यक्रमात काहीही करू शकतो असं त्यांना आधीच सांगून ठेवलेलं होतं. त्यामुळे मी खरोखरच ओरडतेय असं कुणाला वाटायचा प्रश्नच नव्हता. व्हिन्सीनं माझ्याकडे पाहिलं, भुवया उंचावल्या आणि माझ्या आवाजाला सॅक्सोफोननं उत्तर दिलं. उत्तर सुंदर होतं.

मी स्वतःला समजावत राहिले. आई आहेत तिथे. त्यांनी पोरं वाढवलीत. फुंकर घातली असेल, श्वास घेतला असेल, आता जुई पंख्याकडे बघत बसली असेल. डॉक्टर म्हणालेत काही होत नाही. एवढंसं ऐकून धावत सुटलीस तर उद्यापासून कधी बसणार आहेस ह्या स्टुलावर? वाजव. मी वाजवलं. हुंदका आला की परातीवर, उचकी आली की हलगीच्या काठावर, आणि जिथे ‘हं’ यायला हवा होता तिथे काही नाही. तिथे माझा हात वर राहायचा. दर फेरीला वर राहायचा. पुढच्या बाकावरचा म्हातारा त्या जागेला डोळे मिटून घेत होता.

मग पत्र्यावर ठोके पडले.

ठक-ठक. माझ्या खांद्याला लागूनच. त्याला बांगड्यांची किणकिण. जराशानं पुन्हा ठक-ठक. आईंचा हात मी हजारांत ओळखला असता. घरी मी आंघोळीला गेले आणि जुई उठली की ह्याच हातानं त्या दार वाजवायच्या. त्या मला बोलावत होत्या. ह्याचा दुसरा काय अर्थ असणार?

त्या ठोक्यांनाही परागच्या माइकनं पकडलं. सगळी शेड ठक-ठक ठक-ठक करायला लागली. आणि हे सांगते ते कुणाला विचित्र वाटेल, पण दोन-तीन वेळा माझ्या हातांनी त्याला उत्तर दिलं. हातांना तेवढंच शिकवलं होतं.

ठक-ठक.

मी थांबले. काठ्या टाकल्या, उठले. स्टूल मागे पडलं. व्हिन्सीचा स्वर अर्ध्यावर विझला. मागून टाळ्या सुरू झाल्या तेव्हा मी कांड्यांच्या खोलीच्या दारात होते.

खोलीत कुणी नव्हतं.

पंखा करकरत होता. खाली सतरंजीवर जुईची कुंची पडली होती, शेजारी कापसाचे दोन बोळे. खिडकीत परागचा छोटा माइक, त्याचा लाल दिवा लागलेला. आणि बाहेरून, शेडमधून, अजून तिचं रडणं येत होतं. रिकाम्या खोलीत उभी राहून मी ते ऐकत होते. तीन हुंदके. उचकी. आक्रोश. काही नाही.

मागचं दार उघडं होतं. बाहेर नळ होता, शेवग्याचं झाड होतं, आणि शेडच्या भिंतीच्या कडेनं आई येत होत्या. जुई त्यांच्या काखोटीला, त्यांच्या बांगड्या तोंडात घालून चघळत.

आईंनी माझ्याकडे पाहिलं. भिजलेल्या कुडत्याकडे पाहिलं. मग मागे वळून पत्र्याच्या दाराकडे, पुन्हा माझ्याकडे.

“दम धरलावता,” त्या म्हणाल्या. “जरासाच. फुकलं तोंडावर, घेतला की लगीच श्वास. आत उकडतंय म्हणून भायर आनलं, तर ही माझ्या खांद्यावर गप, आन् आतनं हिचाच आवाज. म्या दोनदा हिचं तोंड बघितलं.”

“मग तुम्ही…”

त्या काहीतरी बोलणार होत्या. थांबल्या. माझ्या गालावरचा घाम पदरानं टिपला.

“बरं झालं आलीस,” त्या म्हणाल्या. “धर हिला. भुकेली हाय.”

नळाच्या कट्ट्यावर बसून मी तिला पाजलं. आई पदर आडवा धरून उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं पराग धावत आला. “गौतमी, काय शेवट केलास! ते स्टूल पडलं ना तिथे…” आणि मग त्यानं आम्हाला पाहिलं. जुईला पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरताना मला दिसला. “ते… ते ही होती?” तो म्हणाला. “मला वाटलं दाराची बिजागरी वाजतेय. देवाशप्पथ. मी पुसून टाकतो ते रेकॉर्डिंग.”

“असू दे,” मी म्हटलं. माझ्यात हो-नाही करायचीही ताकद नव्हती.

त्यानंतर मी त्यांच्याबरोबर बसले नाही. ठरवून सोडलं असं काही नाही. पुढच्या कार्यक्रमाला जुईला ताप होता, त्याच्या पुढच्या वेळी शैलेश आला होता. मग मला शाळेत नोकरी लागली आणि जुईचा दिवस आजीच्या मागे मागे जाऊ लागला. आईंनी एकदाच विचारलं. “वाजवत न्हाईस व्हय गं आता?”

“वेळ कुठे मिळतो, आई.”

त्यांनी मग परात घासून पालथी घातली. तिच्या बुडाला माझ्या काठ्यांचे पोचे पडले होते. त्यावरून एकदा अंगठा फिरवला, एवढंच.

आई गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. परवा रविवारी व्हिन्सी आला होता, कोल्हापूरला कार्यक्रम होता म्हणून वाकडी वाट करून. मी भाकरी थापत होते. जुई आता दुसरीत आहे, तिला सगळ्यांचे फोन लागतात. तिनं त्याच्याकडे हट्ट धरला, “काका, तुमचं गाणं लावा.” त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. म्हटलं, किती दिवस पळणार?

स्वयंपाकघरात त्या संध्याकाळचं रेकॉर्डिंग सुरू झालं. पत्र्याची कुरकुर, सॅक्सोफोन, हलगी. जुईनं ओट्यावर हनुवटी टेकवली. मग हुंदके आले.

“हे कोण रडतंय?”

“तू.”

ती खिदळली. “किती घाण रडते मी!” माझ्या ओरडण्यालाही हसली. आणि मग एकदम ताठ झाली.

“आजी!”

ठक-ठक.

“आजी आहे ही! बांगड्या ऐक. आई, आजी तुला चालू दे म्हणतेय.”

माझा हात भाकरीवर थांबला. “नाही गं. बोलवत होती ती मला.”

“अंहं!” तिला माझ्या अडाणीपणाची कीव आली. “बोलवायचं असलं की आजी धडाधडा हाणायची, थांबायचीच नाही. दोन म्हणजे चालू दे, मी हाय हितं. मी बाथरूममध्ये पाण्यात खेळत बसले की ती वाजवायची ना. ठक-ठक. म्हणजे खेळ. घाई नाही. ते मागवाल्यांचं असतं. आजोबा मागावर असायचे तेव्हा त्यांना पण ती तसंच करायची, तीच सांगायची.”

व्हिन्सीनं फोनकडे हात नेला.

“आणि तू तर थांबलीस,” जुई म्हणाली. “का थांबलीस?”

तवा तापून धूर निघत होता. मी भाकरी उचलली, ती हातातच तुटली. ती पुन्हा परातीत टाकली आणि पीठ मळायला घेतलं. पोचे तळव्याला लागत होते.

बाहेर येऊन, पोरगी काखेत, अंधार पडत असताना, आई किती वेळ त्या पत्र्यापाशी उभ्या होत्या? आतून लेकराचं रडणं थांबत नाही, म्हणजे सून घाबरली असणार, हे त्यांना कळलं होतं. आत यायचं तर त्या सगळ्या गोंगाटातून जुईला घेऊन यावं लागलं असतं. म्हणून त्यांनी त्यांना येत होतं ते केलं. आणि मग माझा चेहरा बघून ते तसंच गिळलं. बरं झालं आलीस.

“काका, पुन्हा लावा ना,” जुई म्हणाली. “आजीपासून.”

व्हिन्सीनं लावलं.

पुन्हा त्या आल्या. ठक-ठक. बांगड्या. आता मला कळत होतं. माझी बोटं परातीच्या काठावर आपोआप सरकली. तिकडे शेडमध्ये माझ्याच तेव्हाच्या हातांनी त्यांना उत्तर दिलं, एकदा, दोनदा, इतकं नेमकं की वाटावं त्या हातांना सगळं समजलंय. ठक-ठक, आई म्हणाल्या. चालू दे. मी हाय हितं. जुई ओट्यावर बोटांनी तेच वाजवत होती आणि माझ्याकडे बघत होती.

ठक-ठक.

आणि त्याच जागी, दर वेळी पडतं तसं, स्टूल पडलं.